अंतरपाटाची उलटी बाजू

एका गावात एक काकू होती. तशा गावात काकवा पुष्कळ, पण भरतकामाची काकू म्हटलं की ही एकच. धाकटी जाऊ बाळंतपणात गेली तेव्हा तिची तान्ही मुलगी हिनेच पदराखाली घेतली. आता त्या पुतणीचं लग्न ठरलं होतं.

लग्न ठरलं आणि काकूच्या जिवाला घोर लागला. स्थळ मोठं, माणसं चोखंदळ. कुठे काही उणं दिसलं तर लोक म्हणणार, आई नाही ना पोरीला, म्हणून असं. हे एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघू नये, म्हणून तिने ठरवलं, पोरीचा अंतरपाट आपण आपल्या हाताने भरायचा.

नवरा-नवरीच्या मध्ये धरायच्या त्या वस्त्रावर बाकीचे लोक कुंकवाचं स्वस्तिक काढून मोकळे होतात. काकूने त्यावर पोरीचं अख्खं लहानपण भरलं. दारातली चिंच, तिला बांधलेला झोका, एका शिंगाची शेळी आणि तिच्यामागे धावणारी परकरातली मुलगी. मन धास्तावलेलं, मग हात कसा स्थिर राहणार? शेळी कुत्र्यासारखी दिसते म्हणून उसवली. झोका तिरका वाटला म्हणून उसवला. शेवटी मात्र काम असं उतरलं की बघणाऱ्याने बघतच राहावं.

लग्नाच्या सकाळी भटजींनी सहज विचारलं, "काकू, याची कुठली बाजू नवऱ्याकडे धरायची?"

काकूने वस्त्र उलटून बघितलं. जन्मभर तिने तोरणं भरली, रुखवतातल्या तसबिरी भरल्या. त्यांची पाठ भिंतीला. अंतरपाटाच्या मागे भिंत नसते, माणूस उभं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. उलट्या बाजूला नुसत्या गाठी, लोंबणारे दोरे आणि उसवल्याच्या खुणा.

अस्तर लावायला वेळ उरला नव्हता. साधं पांढरं वस्त्र पुढे करावं आणि सांगावं, भरलेलं उंदराने कुरतडलं. ही थाप मनात जुळवत ती पोरीच्या खोलीत गेली.

मुंडावळ्या बांधलेल्या पोरीने मान वर केली. "काकू, झाला का गं माझा अंतरपाट?"

काकूच्या तोंडून खोटं निघेना. तिने वस्त्र उलटं करून पोरीच्या मांडीवर टाकलं. "बघ, काय करून ठेवलंय मी. चारचौघांत शोभा होईल आपली."

पोरीने गाठींवरून बोट फिरवलं. "ही एवढी मोठी गाठ कसली?"

"तुला ताप होता तेव्हाची. एक हात सुईवर, एक तुझ्या कपाळावर."

पोरीने त्या गाठीवर तळवा ठेवला. मग म्हणाली, "सुलट बाजू त्यांच्याकडे असू दे. त्यांनी आपलं अंगण कुठे बघितलंय? मी तर तिथेच वाढले. गाठी माझ्याकडे धरायला सांग."

रीतीप्रमाणे काकू आईच्या जागी तुळशीपाशी जाऊन बसली. मुलीच्या आईने अक्षता पडताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं ऐकू येत होती, दिसत मात्र काही नव्हतं. मांडवात कुणी हसलं की तिला वाटे, झालं, गाठी दिसल्या. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि समोरून विहीणबाईच येताना दिसल्या. हातात अंतरपाट, आणि तोही उलटा धरलेला. काकूने मान खाली घातली.

विहीणबाई तिच्याशेजारी खालीच बसल्या. "भरतकाम मीही करते. समोरून कुणीही फसवतं, म्हणून मी मागून बघते." त्यांनी शेळीवर बोट ठेवलं. "किती वेळा उसवलीत ही?"

"मोजलं नाही," काकू पुटपुटली.

"मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

काकू दचकली. "काय खोटं सांगितलं?"

"मुलीला आई नाही म्हणून."

तात्पर्य: मायेने केलेल्या कामाची उलटी बाजू लपवू नये. जीव किती लावला, ते तिथेच दिसतं.