शांततेचं बक्षीस आणि तीन मुजरे

सातासमुद्रापार विज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र आणि शांततेसाठी मोठी बक्षिसं देतात, हे कळताच खैरगडच्या महाराजांनीही तशीच बक्षिसं जाहीर केली. वर म्हणाले, "शांततेचं बक्षीस मलाच पाहिजे! नाहीतर उद्याच शेजारच्या राजावर स्वारी!"

शिपायांचे चेहरे उतरले.

म्हातारे कारभारी भिवाजीपंत हात जोडून म्हणाले, "बक्षीस सरकारांचंच. फक्त सरकारांना ते देणारा बरोबरीचा हवा, म्हणजे शेजारचे राजेच बोलवावे लागतील. आणि दरबारचा रिवाज आहे, घेणाऱ्याने देणाऱ्याला तीनदा मुजरा करायचा."

महाराज दचकले. "छे! मला नको असलं बक्षीस!"

"मग स्वारी?"

"बक्षीसच नको म्हटल्यावर स्वारी कशाला?"

शिपायांनी घोड्यांवरची खोगिरं उतरवली. घरी जाताना प्रत्येकाने वाट वाकडी करून पंतांना मुजरा केला.