दूध संघाच्या प्रोग्रामला काटा बसवला, त्याची गोष्ट

"बंद करायचा नाही! उघडायचा नाही! उद्या सकाळी सातला, प्रोग्राम चालू असताना, आत काय बिघडलंय ते दाखवायचं. आणि तिथल्या तिथे, बंद न करता, दुरुस्तही करायचं!"

सोनचाफा दूध संघाचे अध्यक्ष दाजीसाहेब खराडे यांनी टेबलावर मूठ आपटली. माझा चाळीस पानी अहवाल उडून खाली पडला. कुणी उचलला नाही. मीही नाही.

तो प्रोग्राम मीच लिहिला होता, जावा या संगणकाच्या भाषेत. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं की लिटर आणि फॅटचे आकडे त्यात यायचे आणि पावती निघायची. पण रोज सातच्या सुमाराला प्रोग्राम गप्प व्हायचा. पावत्या थांबायच्या, माणसं ताटकळायची, कॅनमधलं दूध नासायचं. मग मी तो बंद करून परत चालू करायचो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच! पुण्याहून मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं, आणि सहा महिने माझं सगळं तज्ज्ञपण एका बटणात मावत होतं.

"आणखी एक अट," दाजीसाहेब म्हणाले. "आत काय दिसतंय ते तुम्ही सांगायचं नाही, परचुरे. मागच्या वेळी तुमचं इंग्रजी ऐकून मी उगाच मान हलवली! इथलंच कुणीतरी वाचून दाखवेल. नाही जमलं, तर दुपारच्या गाडीने पुणे गाठा."

मी बाहेर आलो आणि बॉयलरच्या खोलीपाशी चहा घेत उभा राहिलो. बॉयलर सांभाळायच्या इंदूताई गुरव. पंचेचाळिशीच्या, बॉयलरची सरकारी परीक्षा पास झालेल्या आणि जिभेने तिखट.

"काय ओ परचुरे साहेब, तोंड का उतरलंय?"

"अशक्य काम सांगितलंय, ताई. चालू यंत्राच्या आत कधी बघता येतं का?"

"मग मी दिवसभर काय करते?" त्यांनी बॉयलरच्या काट्याकडे बोट दाखवलं. "आत वाफ किती, पाणी किती, सगळं बाहेरून दिसतं. वाफ वाढली की ही झडप. झाकण काढून आत वाकत बसले असते, तर एव्हाना माझा फोटो भिंतीवर असता, हार घातलेला!"

"पण प्रोग्रामला काटा नसतो हो."

"नसतो, की तुम्ही बसवला नाहीत?"

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण जावामध्ये ती सोय मुळातच आहे! चालू प्रोग्रामच्या आतलं बाहेरून बघायचं, बाहेरूनच त्याचं चाक फिरवायचं. जेएमएक्स म्हणतात तिला. माझ्या तीन प्रमाणपत्रांपैकी एकावर तिचं नावही छापलेलं आहे. प्रमाणपत्र मी फ्रेम करून लावलं होतं, वाचलं नव्हतं.

दुपारी संकलन नसतं, प्रोग्राम रिकामा असतो. मी कामाला बसलो. इंदूताई शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"आत काम कोण करतं?"

"दहा कामकरी आहेत म्हणा ना."

"मग कामात किती, रिकामे किती, आणि दाराशी खोळंबलेली कामं किती, हे तीन काटे लावा. आणि कोण कशात गुंतलाय तेही दिसू दे. मराठीत! आणि झडप?"

"झडप कशाला?"

"नुसतं काट्याकडे बघून वाफ उतरते का?"

मुकाट्याने झडपही बसवली: कुठल्या कामावर जास्तीत जास्त किती कामकरी, हे चालू प्रोग्राममध्येच बदलता येईल अशी. पहिल्या चाचणीत दहाच्या दहा कामात दिसले.

"दूध आलेलं नाही, तरी सगळे कामात?" इंदूताई म्हणाल्या. "हे संघाचेच कर्मचारी दिसतात!"

मी काटे उलटे जोडले होते. निमूटपणे सुलटे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीसाहेब खुर्चीत, मागे सगळे संचालक, पडद्यासमोर इंदूताई, आणि कोपऱ्यात मी. बॅग भरूनच आलो होतो.

सातला काटे हलले. कामात दहा. रिकामा एकही नाही. खोळंबलेली कामं चाळीस... नव्वद... एकशेचाळीस! केंद्रांचे फोन खणखणू लागले. माझा हात सवयीने त्या बटणाकडे गेला. इंदूताईंनी त्यावर चापट मारली.

"हात मागे!"

"काय दिसतंय?" दाजीसाहेब ओरडले. "कामकरी आळशी आहेत ना? परचुऱ्यांचा मालच कच्चा!"

"आळशी नाहीत, दाजीसाहेब. दहाही राबताहेत."

"मग पावत्या का निघत नाहीत?"

इंदूताईंनी कामांची नावं वाचली. मग दाजीसाहेबांच्या हाताकडे बघितलं.

"तुम्ही मोबाइलवर सारखं काय दाबताय?"

"एकूण दूध किती झालं ते बघतोय! रोज सातला बघतो. आकडा लवकर येत नाही, म्हणून परत परत दाबावं लागतं!"

इंदूताईंनी एक झडप नऊवरून एकवर आणली. खोळंबलेली कामं शंभर... तीस... शून्य! एकेक फोन गप्प झाला. प्रोग्राम क्षणभरही थांबला नव्हता.

दाजीसाहेब उठून उभे राहिले. "काय केलंस तू? आत होतं तरी काय?"

"खरं सांगू?"

"खरंच सांग!"

"रागावणार नाही?"

"सांग म्हटलं ना!"

"तुम्ही एकदा दाबलं की एक कामकरी सगळ्या केंद्रांचं दूध पहिल्यापासून मोजायला बसतो. परचुरे साहेबांनी तसंच लिहिलंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "दाजीसाहेब, दहातले नऊजण तुम्हालाच सांगत बसले होते, दूध किती आलं. आणि येणारं दूध घ्यायला एकटा उरला होता!"

दाजीसाहेबांच्या मिशा थरथरल्या. आणि मग ते असे हसले, की खुर्चीत बसताना खुर्ची चुकली!

डोळे पुसत त्यांनी मोबाइल इंदूताईंपुढे ठेवला. "सात ते आठ हा तुझ्याकडे! आजपासून संघातल्या सगळ्या काट्यांवर तुझीच नजर, आणि पगार दीडपट. आता या परचुऱ्यांचं काय करू?"

इंदूताईंनी माझी बॅग पायाने टेबलाखाली सरकवली.

"राहू द्या की त्यांना. माणूस चांगला आहे. कुठे काय बसवायचं ते सांगितलं, की बसवतो!"