उजव्या हातच्या बांगड्या

ऐका दर्यामाये, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, कुजबूज पुरे झाली.

आटपाट बंदर होतं. तिथं नागू कोळी राही. त्याची बायको हिरूबाय. लग्नादिवशी कोळ्यांच्या रीतीनं तिनं उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या, दर्याला दिल्या. दर्यामाय म्हणाली, "ह्या माझ्याकडं आहेत तोवर तुझा धनी माझ्या हाती. भिऊ नको." तेव्हापासून हिरूबायनं वसा घेतला. तो वसा कसा? दर सोमवारी गुडघाभर पाण्यात उभं राहावं, मूठभर तांदूळ वाहावे, मोकळा उजवा हात दाखवावा, दिल्या शब्दाची आठवण द्यावी.

असं करतां तीन वर्षं झाली. मग एके दिवशी वादळ उठलं. साऱ्यांची होडकी परतली, नागूचं नाही. लोक म्हणाले, "उलटलेलं पाहिलं आम्ही."

पहिल्या दिवशी शेजारणी आल्या. म्हणाल्या, "कुंकू पूस." तिनं पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ आली. म्हणाली, "पांढरं लुगडं नेस." ती नेसली नाही. तिसऱ्या दिवशी सासूच आली, हातात वरवंटा. म्हणाली, "धाकट्याचं लग्न तोंडावर आलंय. सुतक लौकर फिटू दे. हात पुढं कर."

माणूस मेल्याची खात्री नाही, आणि यांना मांडवाची घाई. असल्या बाया प्रत्येक बंदरात असतात. इथंही बसल्या असतील.

हिरूबाय म्हणाली, "डाव्या हातच्या फोडाल. उजव्या कुठं आहेत? आधी त्या दर्याकडून आणा, मग ह्यांना हात लावा."

मग सासू किनाऱ्यावर गेली. वाळू उकरली, हिरवा तुकडा सापडला. तो आणून सुनेपुढं टाकला. "घे. दर्यानं परत केल्या."

हिरूबायनं पाहिलं. तुकडा तिच्याच बांगडीचा. आधी ती भ्याली. मग भीती सरली आणि राग चढला. तुकडा मुठीत घेतला, तशीच निघाली. गुडघाभर पाणी झालं, कमरेएवढं झालं, गळ्याएवढं झालं. म्हणाली, "माये, एक सोमवार चुकवला नाही मी. भिऊ नको म्हणालीस, आणि तीन दिवस भिववलंस. मी दिलेलं परत घेत नाही. तूही दिलेला शब्द परत घ्यायचा नाहीस." तुकडा भिरकावला आणि तिथंच उभी राहिली.

मग भरती आली. भरतीबरोबर एक फळी आली. फळीवर नागू, अर्धमेला, पण जिता. बायकोनं त्याला ओढून वाळूवर घेतलं.

नागू म्हणाला, "तीन दिवस फळीखाली एक हात होता. बाईचा, उजवा. हिरव्या बांगड्या होत्या. आज सकाळी फळी खडकावर आपटत होती, तर तो हात मधे आला. एक बांगडी फुटली. पण हात सुटला नाही."

हिरूबाय रडली. मग डाव्या हातातली एक बांगडी उतरवली, पाण्यात सोडली. म्हणाली, "घे, फुटल्या जागी घाल."

आणि सासूला म्हणाली, "तो वरवंटा घरी न्या, लग्नाचं वाटण वाटा."

जशी दर्यामाय हिरूबायला दिल्या शब्दाला जागली, तशी तुम्हां आम्हां जागो. साठ लाटांची ही कहाणी पाचव्या लाटेला किनारी लागली, सुफळ संपूर्ण झाली.