आईबाप अंमलदाराची पेटी

शुद्धलेखन चुकलं असेल आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

व्हिएतनाममध्ये पूर्वी अंमलदाराला तोंडावर ‘फू मऊ’ म्हणत, म्हणजे आईबाप. पाठीमागे म्हणत ‘मोत’, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. अशाच एका अंमलदारानं लाक नावाच्या नावाड्याची होडी ओढून नेली. लाकचं घर त्या होडीवरच चालायचं.

“लेकराचं ते सगळं आईबापाचं,” अंमलदार म्हणाला.

लाक तडक घरी गेला. तिकडची रीत अशी, की चांगला मुलगा आईवडिलांची शवपेटी त्यांच्या हयातीतच करून ठेवतो. वडिलांच्या खाटेखालची पेटी त्यानं ओढून काढली आणि भरल्या कचेरीत अंमलदारापुढे नेऊन ठेवली.

“हे काय आणलंस?”

“तुमची पेटी, आईबाप. लेकाची होडी घेतलीत, आता हीपण घ्या. जरा आडवे होऊन बघा, पाय मावतात का.”

लोक तोंडावर हात धरून हसू दाबू लागले. अंमलदार पांढराफटक पडून मागे सरकला. “उचल ती. मी कुणाचा आईबाप नाही.”

“सगळ्यांनी ऐकलं,” लाक म्हणाला. “मग परक्याची होडी तुमच्या घाटावर कशाला?”

एवढ्या लोकांदेखत अंमलदाराला होडी सोडावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकनं पेटी पुन्हा खाटेखाली सरकवली आणि होडी पाण्यात लोटली. पहिलाच उतारू निघाला अंमलदार. लाकनं हात पुढे केला.

“भाडं आधी, साहेब. फुकट फक्त आईबापाला नेतो.”