सायोचा काटा

एका राज्यात सगळ्यात सुंदर बायका कुलपाआड राहत, आणि बाकीच्या बायका त्यांच्यासारखं दिसण्यासाठी झुरत. राज्य पूर्वेच्या समुद्रातलं. राजधानीच्या कडेला, खंदकाने वेढलेली, कंदिलांची पेठ होती. पेठेला दरवाजा एकच. आत कलावंतिणी राहत. त्यांना दरवाजा ओलांडायची मुभा नव्हती, पण त्यांच्या डोक्यावरचा साज मात्र रोज दरवाजा ओलांडून गावात जाई.

तो कसा, ते ऐका. संध्याकाळी कंदील लागले की पेठेची मुख्य कलावंतीण अकिशिनो उंच खडावा घालून दरवाजापर्यंत मिरवत येई. केसांचा हा एवढा खोपा, त्यात कासवाच्या पाठीचे काटे, चांदीची फुलं, लाखेची फणी. मान वळवायची सोय नाही. खंदकापलीकडे गावच्या बायका दाटीवाटीने उभ्या राहून तिचं डोकं पाहत, आणि सकाळी साऱ्या गावाचे खोपे तसेच सजत. कोळणीचा तसा, सावकारणीचा तसा, राजवाड्यात राणीचाही तसाच. अकिशिनोचा चेहरा कसा होता असं विचारलं असतंत, तर मात्र एकीलाही सांगता आलं नसतं.

अकिशिनोची जिवाची मैत्रीण सायो. दोघी एका गावच्या, लहानपणी एकाच होडीतून इथे विकायला आणलेल्या. थंडी पडली तशी सायो खोकत खोकत अंथरुणाला खिळली. पेठेत मेलेल्याचं सुतक नसे. रडक्या बायका गिऱ्हाइकांना आवडत नाहीत म्हणून मालकिणीने रडण्याला बंदी केली होती, आणि प्रेत मागच्या भिंतीपलीकडे नेऊन टाकत. शेवटच्या दिवशी सायोने आपल्या केसांतला बांबूचा साधा काटा काढून अकिशिनोच्या हातात ठेवला.

"मेलेल्यांना चेहरे दिसत नाहीत," ती म्हणाली. "आपल्यासाठी कुणी काय खूण केली आहे, तेवढंच दिसतं. हा डाव्या कानावर उलटा खोव. मी टिटवी होऊन येईन. ओंजळभर पाणी दे, म्हणजे सुटेन."

"देईन," अकिशिनो म्हणाली.

सायो गेली. त्या संध्याकाळी अकिशिनोने चांदी-कासवाच्या गर्दीत तो बांबूचा काटा उलटा खोवला आणि ती कोरड्या डोळ्यांनी दरवाजापर्यंत मिरवत गेली. खंदकापलीकडे कुजबुज उठली. "अगंबाई, बांबू! आणि तोही उलटा!" सकाळी प्रत्येक डोक्यावर बांबूचा काटा होता, डाव्या कानावर, उलटा. एकीचं सुतक साऱ्या गावाचा शृंगार झालं. मला तर सांगतानाही संताप येतो, पण त्या बायकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना ते छान वाटलं, एवढंच.

मग टिटवी आली. हजारो खुणा पाहून बिचारी गांगरली. ती एकेका खोप्यावर बसे आणि विचारे, "तू माझ्यासाठी रडतेस का?"

"छे गं," बाई हसून म्हणे, "सध्या हेच चालतं."

जिने असं म्हटलं, तिचा काटा केसांत रुतून बसला. काही केल्या निघेना. त्याचं वजन दिवसेंदिवस वाढू लागलं. बायकांच्या माना खाली गेल्या. आया लेकरांकडे मान वर करून पाहू शकेनात, कोळणींना टोपली उचलवेना. राणीने तर अंथरूण धरलं. साऱ्या राज्यावर सुतकी कळा पसरली.

राजा खंदकाकाठच्या मांत्रिकाकडे गेला.

"जिथे खूण आहे आणि दुःख नाही, तिथे दुःखाचं नुसतं ओझं येऊन बसतं," मांत्रिक म्हणाला. "टिटवीला तिच्या माणसाच्या हातचं पाणी मिळालं, तर शाप तुटेल. ते माणूस म्हणजे अकिशिनो. तिला तीनच खुणा करता येतील. त्यातली एक वाया गेली. बर्फ पडायच्या आत झालं नाही, तर टिटवी आपलं नाव विसरेल आणि ओझं कायमचं राहील."

राजाचा हुकूम पेठेत पोचला. अकिशिनोने लाखेची फणी मधोमध मोडली आणि अर्धी केसांत खोवली. तिची कुणी नक्कल करू नये, अशी राजाने दवंडी पिटवली. झालं, ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनाही कळलं. फणीवाल्यांनी रातोरात फण्या मोडून दुप्पट भावाने विकल्या. माना मोडायला आल्या होत्या, तरी हौस फिटली नव्हती. राणीनेही अंथरुणातूनच अर्धी फणी मागवली.

टिटवी गावभर फिरली आणि दमली. आता ती "माझ्यासाठी" म्हणतच नसे. "मी कुणाची? मी कुणाची?" एवढंच ओरडे. आभाळ बर्फाने जड झालं होतं.

अकिशिनोने कात्री मागितली.

"वेडी झालीस का?" मालकीण कडाडली. "केस आहेत म्हणून तू अकिशिनो आहेस. ते गेले की भांडी घासशील."

"घासीन," अकिशिनो म्हणाली, आणि तिने केस मुळापासून कापले.

ती अनवाणी, उघड्या डोक्याने दरवाजाशी आली. खंदकापलीकडच्या बायकांनी वाकलेल्या माना तिरक्या करून पाहिलं. त्यांचे हात आपापल्या खोप्यांकडे गेले आणि तसेच परत आले. कात्री कुणीच मागितली नाही.

टिटवी सरळ येऊन तिच्या मनगटावर बसली. "तू माझ्यासाठी रडतेस का?"

"हो गं सायो," अकिशिनो म्हणाली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला भर रस्त्यात फुटलं. तिने खंदकाचं पाणी ओंजळीत घेतलं. टिटवी प्याली.

"आता तुझा चेहरा दिसतोय," सायो म्हणाली. "किती थकलीस गं." आणि टिटवी उडून गेली.

त्याच क्षणी साऱ्या गावात काटे गळून पडले. माना सरळ झाल्या. कोळणींनी टोपल्या उचलल्या, आयांनी लेकरांचे मुके घेतले, राणी उठून बसली. राजाने आनंदाने सोन्याचा काटा घडवून अकिशिनोसाठी इनाम पाठवला.

पण पेठेत अकिशिनो हे नाव कधी रिकामं राहत नाही. मालकिणीने तोवर दुसऱ्या पोरीचा खोपा बांधून तिला ते नाव देऊन टाकलं होतं. राजाच्या माणसाने खोपा पाहिला आणि काटा त्यात खोवला.

दरवाजाशी भांडी घासणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, डोक्याला फडकं बांधून, एक बाई उभी होती.

"ए बाई, बाजूला हो," रखवालदार ओरडला. "अकिशिनोची स्वारी येतेय."

ती बाजूला झाली, आणि बाजूनेच दरवाजाबाहेर पडली. कुणी अडवलं नाही. मागच्या भिंतीपलीकडे, सायोला टाकलं होतं तिथे जाऊन तिने बांबूचा काटा मातीत पुरला आणि होडी शोधायला समुद्राकडे निघाली. बर्फ पडू लागलं होतं.

राज्यात सगळं पूर्वीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या बायकांच्या डोक्यावर सोन्याचा काटा होता.