साखरेचा अंगरखा

त्या राज्याचे आकाश सैल पडत चालले होते. आकाश म्हणजे एक विणलेले वस्त्र होते आणि त्याखाली बसलेले विणकर ते रोज नव्याने विणत. पण सुताला पीळ बसायचा तर त्यावर आंबटाचा थेंब पडावा लागे, आणि आंबट माणसे आकाशाबाहेर एका काळ्या बाटलीत राहत.

त्यांच्यातली थोरली बहीण निखळा आकाशात शिरायला उघड्या अंगाने निघाली. वेशीवरच उन्हावाऱ्याने तिला गाठले. ती पिवळी पडली, मग विटकरी झाली आणि आकाशाच्या फटीत डाग होऊन वाळली. तिचा एकच थेंब आत पोचला.

मग बाटलीतल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या धाकट्या भावाला साखरेचा अंगरखा शिवला. कणभरही अंग उघडे राहू नये म्हणून बाह्यांची तोंडेसुद्धा शिवली आणि गाठी पाठीवर घेतल्या.

"मग तिथे या गाठी सोडणार कोण?" त्याने विचारले.

"उसवणाऱ्या बायका आहेत तिथे. तू नुसता पोच, बाळा. ताईसारखा उतावीळपणा नको."

तो पोचला. अंगावर डाग नव्हता. विणकरांनी माग थांबवले.

"या, बसा. किती स्वच्छ आलात," मुख्य विणकर म्हणाला.

"आधी मला उसवा."

उसवणाऱ्या बायकांपैकी एकच म्हातारी उरली होती. तिने त्याच्या पाठीवरच्या गाठी चाचपल्या.

"बोटं चालत नाहीत रे आता. वरचं सैल झालं, तशा आम्हीही."

"मग फाडा."

"हा फाटत नाही. उसवूनच निघतो."

एका विणकराने सूत त्याच्या बाहीवर घासून पाहिले. सूत चिकट झाले, पीळ बसला नाही. त्याने बोट चाटले.

"गोड आहेत पाहुणे," तो अदबीने म्हणाला.

धाकट्याला मानाच्या पाटावर बसवले. आतला आंबटपणा थेंबभरही सांडला नव्हता. तिथून त्याला सगळे आकाश झोळीसारखे लोंबताना दिसे. फक्त निखळाच्या डागाखाली वीतभर वस्त्र अजून ताठ होते.

मग बाहेरून, काळ्या बाटलीत बुडवलेल्या एका प्रचंड बोटाने आकाश हळुवार चोळले, आणि साखरेचे अंगरखे घातलेल्यांची नवी रांग खाली उतरली. सगळ्यांच्या गाठी पाठीवर होत्या. विणकर पाट मांडू लागले.

धाकटा थोडा सरकून बसला.