माशाची साक्ष

निंबवळ्याच्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगू लागले, तेव्हा गोजरा भोईण टोपलीभर मेलेले मासे घेऊन थेट राजा मानदेवाच्या दरबारात गेली.

"महाराज, तळ्याभोवतीच्या शेतांत प्रधानजींच्या हुकमाने पांढरी खतभुकटी टाकतात. पाऊस झाला की ती वाहून तळ्यात उतरते आणि मासे मरतात. आम्हा भोयांची चाळीस घरं याच तळ्यावर जगतात. भुकटी थांबवा."

प्रधान त्र्यंबकपंतांनी नाकाला उपरणं लावलं. भुकटी त्यांच्या मेहुण्याच्या भट्टीत तयार होई, पण हे दरबारात कुणी बोलत नसे.

"अशक्य, महाराज. भुकटीने शेताचा बांध ओलांडू नये, असा कायदा मी स्वतः केला आहे. तळ्याकाठी तशी पाटीसुद्धा लावली आहे."

"पाटी आहे खरी," गोजरा म्हणाली. "पण भुकटीला वाचता येत नाही."

दरबारात खसखस पिकली. राजाने विचारलं, "तळ्याचं पाणी कुणी तपासलं?"

"माझ्या मेहुण्यानेच, महाराज. अगदी निर्मळ निघालं. मासे आपल्या मरणाने मेले असतील. नाहीतर एखाद्या माशाने येऊन सांगावं, भुकटीने मारलं म्हणून."

राजा हट्टी होता आणि त्याला गंमतही आवडे. त्याने हीच अट उचलून धरली. "ठरलं तर. बाई, आठ दिवसांत माशाची साक्ष आण. नाही आणलीस, तर तुम्ही भोयांनी तळं सोडून जायचं."

गोजरा मान खाली घालून घरी आली. तीन दिवस तिला घास गिळवेना. चाळीस घरं कुठे जाणार? चौथ्या दिवशी ती जाळं घेऊन तळ्यात उतरली. तीन दिवस शोधल्यावर वीतभर लांबीचा एक जिवंत मासा हाती लागला.

आठव्या दिवशी तिची बैलगाडी राजवाड्याच्या चौकात उभी राहिली. गाडीत तळ्याच्या पाण्याने भरलेल्या वीस घागरी होत्या आणि एका घागरीत तो मासा.

"साक्षीदार आणलाय, महाराज. पण त्याला माणसांची भाषा येत नाही. या चौकातल्या हौदात आपले लाडके सोनेरी मासे आहेत. त्यांच्याशी तो बोलेल. आपण रोज त्यांना चारा घालता, तेव्हा ते आपल्याला सांगतीलच."

"सोड की मग," राजा म्हणाला.

"तो गावचा आहे, त्याला परकं पाणी मानवणार नाही. हौद रिकामा करून तळ्याचं पाणी भरावं लागेल. वीस घागरी आणल्यात, बाकीचं पाणी गाड्या आणतायत."

"भरा," राजाने सेवकांना सांगितलं.

सेवकांनी हौदाचं बूच काढलं आणि पहिली घागर उचलली. सोनेरी मासे मेले तर राजा कुणाला धरील, हे प्रधानांना ठाऊक होतं. ते धावत येऊन हौदाच्या कठड्यावर आडवे झाले.

"थांबा! ते पाणी नको! एकही मासा जगायचा नाही!"

गोजराने पदर सावरला.

"महाराज, साक्ष माशानेच द्यायची होती. पण प्रधानजींनाच घाई झाली."

राजा इतका हसला की त्याला हौदाचा कठडा धरावा लागला. हसता हसताच त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. तळ्याभोवतीच्या शेतांत भुकटी बंद झाली, पाण्याची तपासणी गोजराकडे आली आणि तळ्याचा गाळ उपसायला दुसऱ्याच दिवशी दोन नवे गडी रुजू झाले: त्र्यंबकपंत आणि त्यांचे मेहुणे.